कापसाच्या खोलीतला सॅक्सोफोन

मित्रांनो, मी एक जुना सॅक्सोफोन आहे. वाकडी मान, पोचे आलेलं पोट आणि रबरबँडच्या जोरावर उठणारी एक चावी, एवढी माझी ओळख. पांढरकवड्याजवळच्या एका तांड्यावर मी राहतो.

मेरठच्या एका गल्लीत पितळेचा पत्रा ठोकून मला घडवलं, आणि तिथून मी धावजीच्या बँडमध्ये आलो. धावजीची बोटं चाव्यांवर पडली की वरातीतली म्हातारी माणसंसुद्धा हात वर करून नाचायची. मुलं माझ्या कर्ण्यात डोकावून आपलं वाकडंतिकडं तोंड बघायची. धावजीचा एक कायदा होता. वरात चालू असेपर्यंत बँड गप्प बसायचा नाही. गाणं संपो की घोडा अडो, कुणीतरी सूर भरलाच पाहिजे.

पुढे डीजेच्या गाड्या आल्या. धावजीचे पुढचे दातही गेले, आणि दातांशिवाय मला धरता येत नाही. मी पेटीत गेलो आणि पेटी कापूस ठेवायच्या खोलीत गेली. भोकांवरच्या चामड्याच्या गाद्या वाळून कडक झाल्या. बाहेर लग्नसराई येऊन जायची, मला ती नुसती ऐकू यायची.

मला पुन्हा उजेडात आणलं बबितानं. ती धावजीची सून. तिचा नवरा धनसिंग हैदराबादकडे ट्रक घेऊन जातो. त्यांची लेक नयन दुपारी काही केल्या झोपेना, म्हणून बबिता मोबाइलवर एकेक गाणं लावून बघत होती. लावता लावता कुठल्या तरी दूरदेशीच्या वादकाचा सॅक्सोफोन लागला. त्या संगीताला जॅझ म्हणतात. त्यात वादक मूळ चाल थोडी बाजूला ठेवतो आणि आपल्या मनानं सूर रचत जातो. त्या तुकड्याला सोलो म्हणतात. नयन झोपली. आई मात्र जागीच राहिली, आणि पेटीतला मीही. आवाज माझ्याच घराण्यातला होता, पण बोली निराळी होती.

दुसऱ्या दिवशी बबितानं पेटी उघडली. धावजीनं माझ्या कडक गाद्या तेल लावून मऊ केल्या. मग तिला ओठ कसे धरायचे ते दाखवलं. पहिल्या फुंकेला मी रेड्यासारखा ओरडलो.

"बाप्पा! सून फुंकणी सोडून भोंगा फुंकून राह्यली!" सासू लालीबाई अंगणातून म्हणाल्या.

त्याच आठवड्यात पंजाबराव आला. हायवेवर त्याचा ढाबा आहे, आणि तांड्यावरचा कापूसही तोच गाडीतून बाजारात नेतो. त्याला भिंतीवर टांगायला काहीतरी जुनं, चकाकणारं हवं होतं.

"कापूस न्याले गाडी घेऊन येशीन, तवा घेऊन जाय," धावजीनं शब्द दिला.

बबिताचा चेहरा उतरला. "मामाजी, तोवर हा सोलो पुरा बसवला तं?"

"न अडखळता ऐकव. मंग पाहू."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझं नशीब कापसाच्या ढिगाला बांधलं गेलं. वेचणीचा कापूस रोज येऊन खोलीत पडायचा. त्या पांढऱ्या ढिगात माझा आवाज मुरून जायचा, म्हणून नयनला तिथेच झोपवून बबिता वाजवू शकत होती. मोबाइलवर ती सोलोचा वेग कमी करायची. चार सूर ऐकायची, आधी तोंडानं गुणगुणायची, मग माझ्या अंगावर शोधायची. सापडले की जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सा रे ग म मध्ये लिहून ठेवायची. भाकरी, धुणं, नयनचं दूध, या सगळ्यातून उरलेला वेळ माझा.

सूर सगळे बरोबर आले. तरीही मोबाइलबरोबर वाजवलं की ती दर वेळी मागे पडायची. कारण मला कळत होतं, पण मला स्वतःहून बोलता कुठे येतं? त्या परदेशी वादकानं मधेमधे जागा मोकळ्या सोडल्या होत्या. तिथे धावजी बाहेरून ओरडायचा, "मधात जागा सुनी नको ठेवू पोरी! घोडा थांबते!" आणि बबिता घाईघाईनं तिथे एखादी मुरकी भरायची.

एका दुपारी नेमक्या तशा जागी नयन झोपेत चाळवली. बबिता थबकली. लेक उठते की काय, म्हणून श्वास धरून बघत राहिली. नयननं कूस बदलली, बबितानं पुढचा सूर लावला, आणि तो मोबाइलमधल्या सुराच्या अगदी बरोबर पडला.

ती माझ्याकडे बघून हसली. कपाळाची टिकली काढून तिनं कागदावर त्या मोकळ्या जागेत चिकटवली. मग पाकिटातल्या टिकल्या घेऊन बाकीच्या जागाही भरल्या. टिकली आली की थांबायचं.

गाडीचा दिवस आला. कापूस भरून झाला, खोली रिकामी झाली, घुमायला लागली. पंजाबराव दोरी घेऊन माझ्यापाशी उभा राहिला.

"मामाजी, ऐकता नं?" बबिता म्हणाली.

धावजी पत्र्याच्या पेटीवर बसला. बबितानं सुरू केलं. पहिली मोकळी जागा आली आणि धावजीच्या बोटांनी सवयीनं पेटीवर ठेका भरला. दुसऱ्या जागीही भरला. बबिता डगमगली नाही. टिकलीवर थांबली, टिकलीवरून निघाली. तिसऱ्या जागी धावजीचा हात उचलला गेला आणि तसाच हवेत राहिला. खोलीत काही वाजत नव्हतं, तरी गाणं चालूच होतं. बबितानं शेवटचा सूर ठेवला, तेव्हाच तो हात खाली आला.

"काहून भरत होतो बा मी एवढं?" तो हळूच म्हणाला.

"मंग मी भिंतीवर काय टांगू?" पंजाबरावानं विचारलं.

"माही बँडची टोपी ने. तुरा आहे तिले."

"आन् टोपीखाली?"

"तुयं डोस्कं टांग," लालीबाई म्हणाल्या, आणि नयनसकट सगळे हसले.

आता रोज वाजवून झालं की नयनला लहान झालेल्या झबल्यानं बबिता माझ्या आतली ओल पुसते. म्हणून म्हणतो मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य पेटीत पडलं असेल, तर शोभेसाठी नका टांगू. त्याला कुणाचा तरी श्वास मिळू द्या. आणि वाजवणारं माणूस मधेच थांबलं, तर लगेच हसू नका, सांगायला धावू नका. थोडं थांबा. त्याची टिकली आली असेल.