टेकाडामागचे हरभरे

संगमेशने चिमट्याने पाचवा हरभरा उचलला आणि टेकाडाच्या मागे, उतारावर ठेवला. बोटभर उंचीच्या त्या टेकाडामागून समोरचं काहीच दिसत नव्हतं. त्याने वाकून, डोळा मातीला टेकवून ते तपासलं. मग बाजूला सांडलेली माती फुंकरीने उडवली.

प्रतिकृती सहा फूट लांब होती. उदगीर आणि औशाच्या मधली जमीन, काळ्या मातीत. १७६० सालच्या लढाईची. पांढरी ज्वारी म्हणजे मराठ्यांचे घोडेस्वार, उडीद म्हणजे निजामाची फौज, आणि हरभरे म्हणजे ती फौज फोडणाऱ्या मराठ्यांच्या तोफा. धान्य गुंडप्पाकाकांच्या आडतीवरचं. तोफांची नेमकी जागा कागदपत्रांत सापडली नव्हती. ती संगमेशने तीन महिने शेताशेतांतून उतार मोजून ठरवली होती. अंदाजच, पण मोजलेला अंदाज.

आणि या तीन महिन्यांत त्याच्या आईने, गुरम्माने, प्रतिकृतीकडे एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. चुलतभाऊ रविकिरण आला की मात्र ती चुलीवरचं उतरवून ठेवायची. "रवी, ती तोफांची गोष्ट सांग की परत." आणि तोफेचा आवाज रविकिरण तोंडाने काढायचा तेव्हा पदर तोंडाला लावून हसायची.

आज लातूरहून उमादेवी मॅडम निवड करायला येणार होत्या. उदगिरात संग्रहालयाचं नवं दालन उघडत होतं, आणि ते सांभाळायला संगमेश आणि रविकिरण या दोघांतला एकच जण हवा होता.

"काय करून राहिलास, संग्या?" रविकिरण दारात उभा होता. शर्टाला कडक इस्त्री.

"धूळ झाडून राहिलो."

"माझी तर जीभच वाळून गेली. काल अण्णारावमामा म्हणले, मॅडमपुढं तोफेचा आवाज काढू नको म्हणून."

"काढ की. तुझं सगळं आवाजावरच चालतं."

रविकिरण हसला. त्याला ते लागलं की नाही, संगमेशला कळलं नाही. हेच त्याला सहन होत नसे.

मॅडम अकराला आल्या, चहा नको म्हणाल्या आणि थेट प्रतिकृतीपाशी उभ्या राहिल्या. रविकिरणने छडी घेतली. तो बोलू लागला तशी उडदाची फौज जणू खरंच सरकू लागली. चौफेर ज्वारी, मधे अडकलेले उडीद. "आणि मॅडम, इथं जो जिंकला, त्यालाच पुढं पानिपतावर धाडलं. इथं हरला असता तर कदाचित गेलाच नसता."

मॅडमनी मान हलवली. संगमेशने हाताची घडी घट्ट केली.

"मग तोफा," रविकिरण म्हणाला आणि थांबला. छडी टेकाडाच्या माथ्यावर होती. माथा रिकामा होता. त्याने वाकून मागचे हरभरे पाहिले, मग संगमेशकडे पाहिलं.

आता तो गडबडेल. संगमेश वाटच पाहत होता.

"मॅडम, मी आजवर तोफा माथ्यावर सांगत आलो," रविकिरण सावकाश म्हणाला. "पण यानं त्या मागं घेतल्यात. म्हंजी माझंच चुकलं असंल. हा मोजल्याबिगर एक दाणा हलवत न्हाई. मी नुसता पट्टी धरून उभा ऱ्हायचो."

"सगळी मोजणी यांची?"

"हाव. सगळी."

मॅडमनी वही उघडली. "बोलणं शिकवता येतं," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या आणि वरच्या ओळीत काहीतरी लिहिलं. संगमेशला उलटं वाचता येत होतं. त्याचंच नाव होतं.

"पण टेकाडामागून तोफेला समोरचं दिसणार कसं? नवीन काही मोजलंत का?"

त्याच्याजवळ उत्तर तयार होतं. नाल्याचं पात्र बदललं असेल, टेकाड तेव्हा सखल असेल. बोलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. रविकिरण त्याच्याकडे उत्सुकतेने पाहत होता, गोष्ट ऐकताना गुरम्मा पाहायची तसा.

"मोजून न्हाई हलवल्या," संगमेश म्हणाला.

"मग?"

"सकाळी हलवल्या. आज सांगणार हा होता. यानं अडखळावं, म्हणून."

मॅडमनी वहीतल्या त्याच्या नावावरून एक आडवी रेघ ओढली.

संगमेशने चिमटा उचलला. एकेक करत चार हरभरे माथ्यावर परत ठेवले. पाचवा चिमट्यातून निसटून फरशीवर घरंगळत गेला. रविकिरण खाली वाकला, टेबलाखालून तो उचलला, इस्त्रीच्या शर्टाला पुसला आणि तळहातावर घेऊन उभा राहिला.

"हा कुठं ठेवू, संग्या?"

त्या तीन महिन्यांत पट्टी धरून तो कितीदा त्याच माथ्यावर उभा राहिला होता.