हळदीची कॅसेट

“थांबलासा का, वैनी? मशीन फिरतीया न्हवं!”

रहिमान पिंजाऱ्याने बटण दाबून टेप बंद केला आणि कपाळाचा घाम बाहीला पुसला. चंद्राबाई खाली मान घालून बसली होती. समोर उशीवर माईक निजवलेला, चारी भिंतींना रजया टांगलेल्या, खिडकीत एक अख्खी गादी कोंबलेली, दाराला आतून कडी. पंख्याची घरघर गाण्यात उतरते म्हणून पंखाही बंद. इस्लामपुरातली चैतातली दुपार आणि कापसाने गच्च भरलेली खोली! त्यापेक्षा भट्टीपुढे बसणे परवडले असते.

“नाव येतंय मधी,” चंद्राबाई म्हणाली.

“आता घ्या! नावासकट पायजे म्हनून तुमीच हटून बसलासा न्हवं?”

“लेकीचं घेतलं की. लेकीच्या बाचं कसं घिऊ?”

रहिमानला हसू आले आणि लगेच डोळ्यांत पाणीही आले. नाथाजी त्याचा जिवलग दोस्त. जाऊन वर्ष झाले होते. उसाचा हंगाम ऐन भरात असताना कारखान्यात छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच माणूस संपला. पण नवऱ्याचे नाव ते नवऱ्याचे नाव. उभ्या संसारात चंद्राबाईने त्याला ‘आवं’ यापलीकडे हाक मारली नव्हती.

“जरा दम घ्या,” रहिमान म्हणाला. “तवर त्या उसाच्या गाड्या जाऊ द्यात. घुंगरं लय वाजायला लागल्यात.”

या खोलीचा शोध रहिमानला अपघातानेच लागला होता. मेव्हण्याने कुवेतहून टेप आणला, तेव्हा त्याने हौसेने घरभर गाणी भरून पाहिली. प्रत्येक ठिकाणी आवाज घुमायचा. फक्त गाद्यांच्या खोलीत तो कानाशी बोलल्यासारखा यायचा. मग त्याने नाथाजीच्या मागे लकडा लावला, “वैनीची हळदीची गानी भरू या गड्या.” चंद्राबाईशिवाय त्या भागात कुणाची हळद लागत नसे. नवरी, नवरा, दोघांचे बाप, चुलते, मामा, सगळी नावे ती वाटेनेच पाठ करायची आणि मांडवात बसली की एकेक नाव गाण्यात असे ओवायची की ज्याचे नाव आले तो उगाचच फेटा सारखा करायचा.

कॅसेटला मात्र नावे चालणार नव्हती. ती कुणाच्याही लग्नात वाजायला हवी. “कुनाच्या नावानं म्हनू मग? गाद्यांच्या?” असे म्हणून ती रुसली होती. शेवटी नुसते ‘नवरी’ आणि ‘बाप’ म्हणून तिने कशीबशी पहिली कॅसेट भरली. ती अशी खपली की रहिमानची पिंजण खुंटीला लागली. दोन मशीन वायरने जोडून तो दिवसभर नकला काढायचा आणि सांगली, कऱ्हाडच्या स्पीकरवाल्यांना नेऊन द्यायचा. चंद्राबाईचा वाटा नाथाजीच्या हातात नेमाने पडायचा, आणि नाथाजी गेल्यावर तिच्या घरची चूल त्यावरच पेटत होती.

पण कुंकू पुसले त्या दिवशी तिचे गाणेही पुसले गेले. विधवेने हळद गायची नसते. विधवेने हळदीत बसायचेसुद्धा नसते. गंमत बघा, कॅसेट मात्र सवाशिणीच्या तोंडची, नवरा जिवंत असताना म्हटलेली. ती कुणालाच वर्ज्य नव्हती. लग्नसराईत गावाच्या चारी दिशांनी चंद्राबाईचा आवाज यायचा आणि चंद्राबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत तो ऐकायची. नव्या गाण्यांसाठी रहिमान विचारून थकला. तिने कानांवर हात ठेवले होते.

आणि मग अंजनाचे लग्न ठरले. जावई जोतीराम, कुपवाडच्या एका वर्कशॉपात कामाला, निर्व्यसनी पोरगा. पोटच्या पोरीची हळद, आणि तिला ‘नवरी’ म्हणणार? वाटेवरच्या कुठल्याही नवरीसारखी? चंद्राबाईला रात्री झोप येईना. शेवटी एक जुनी गादी डोक्यावर घेऊन, पिंजायचे निमित्त करून, ती रहिमानच्या दारात उभी राहिली. नवी कॅसेट भरून देते म्हणाली. अट एकच, आधी अंजनाच्या नावाची एक भरायची.

“भाऊ,” गाड्या गेल्यावर ती हळूच म्हणाली, “माझ्या तोंडची हळद पोरीला बाधायची न्हाई न्हवं?”

“आवाजाला काय कुकू असतंय व्हय वैनी? आन् कोन इचारतंय? जुनीच हाय म्हनायचं.”

त्याने बटण दाबले. चंद्राबाईने डोळे मिटले.

*हळद दळीली, पिवळं झालं दार,*
*अंजना नवरी, नाथाजींची पोर…*

पहिल्यांदा आवाज कापला. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा तर तिने त्या नावावर अशी तान घेतली की रहिमान मशीनकडे बघायचे विसरला. वर्षभर गळ्यात कोंडलेले सगळे बाहेर पडत होते. जोतीरामाचे नाव आले, मामांची आली, दीर-जावेचेही कौतुक आले. घामाने लुगडे अंगाला चिकटले, कापसाची तूस घशात गेली, तरी ती थांबली नाही. ती सुखात होती. एवढ्या मोठ्या जगात तिला गाता येईल अशी हीच एक जागा उरली होती, रजयांनी बुजवलेली आणि आतून कडी लावलेली, आणि कडी काढल्यावर हे सुख इथेच ठेवून जावे लागणार, हेही तिला कळत होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी अंजनाला पाटावर बसवले. थोरली जाऊ रंगुबाई आईच्या जागी होती. कन्यादान तीच करणार होती. चंद्राबाई आतल्या खोलीत, दाराआड. कुपवाडहून पाहुण्या बायका नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आल्या होत्या. सिकंदर स्पीकरवाल्याने रहिमानने दिलेली कॅसेट लावली.

अंजनाचे नाव मांडवात घुमले तशी बायकांची बोटे हळदीतच थांबली. मग एकच कालवा. “अगं बया, नावासकट!” “आमच्या जोतीरामाचंबी घेतलंय बघा!” रंगुबाईचे नाव आले तेव्हा ती चक्क लाजली. अंजना मान खाली घालून रडत होती आणि हसतही होती. दाराआड चंद्राबाईचा ऊर भरून आला. तिला वाटले, आता मेले तरी चालेल.

“कुनी म्हनलंय वो हे?” नवऱ्याच्या आत्याने विचारले.

“नवरीच्या आईनंच की! तिची कॅसेट उभ्या मुलखात वाजती,” रंगुबाई तोऱ्यात म्हणाली.

“पर आपली सोयरीक तर दिवाळीत जमली,” आत्या म्हणाली. “मग आमच्या पोराचं नाव हिनं कवा घेतलं?”

नाथाजी तर दिवाळीच्या कितीतरी आधी गेला होता. बायकांची बोटे हळदीतून बाहेर आली. ज्या नावांसाठी चंद्राबाईने एवढा खटाटोप केला, त्या नावांनीच तिला उघडे पाडले होते. ना तिच्या ध्यानात आले होते, ना रहिमानच्या.

रंगुबाईच्या तोंडचा रंग उतरला. ती उठून सिकंदरकडे गेली. “जुनी लाव रं,” म्हणाली. नाथाजीचे नाव अर्ध्यावर तुटले.

मग ती आत आली. चिडलेली नव्हती. भ्यालेली होती. “चंद्रे, मी बोलत न्हाई गं तुला. पर पोरीचं काय वाईट झालं, तर तू-मी कुनाच्या तोंडाकडं बघायचं?”

“व्हय, आक्का,” चंद्राबाई म्हणाली.

आणि खरे सांगायचे तर, टेप थांबला तेव्हा तिला एक क्षण हायसे वाटले होते. पोरीवरची बला टळली असे वाटले होते. त्या वाटण्याचाच तिला आता सगळ्यांत जास्त राग येत होता. रंगुबाईवर येता तर बरे झाले असते.

“अंजना बघतीया दाराकडं,” रंगुबाई म्हणाली. “फुडं येऊ नगंस.” आणि डोळे पुसत ती बाहेर गेली.

बाहेर जुनी कॅसेट सुरू झाली. *नवरी मांडवाची, बापाची गं पोर…* बायकांची बोटे पुन्हा हळदीत बुडाली, कुणीतरी हसले, काकणे वाजली. तो आवाज भरदार होता, निर्धास्त होता. त्या कॅसेटमधल्या बाईचा नवरा संध्याकाळी कारखान्यातून घरी येणार होता. पाहुण्या बायका तिच्या सुरात सूर मिसळून अंजनाला हळद लावत होत्या.

चंद्राबाई भिंतीला टेकून तिचे गाणे ऐकत राहिली.