तोतया आणि मी

मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे आणि माझा स्वभाव मत्सरी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे मी कुणाविषयी वाकडं बोललो तर तुम्ही समजून घ्याल. तबल्याएवढा लहान नव्हे हं मी. जमिनीवर आडवा बसणारा, पायाने वाजवायचा मोठा ड्रम. बँडमध्ये जो 'धप्' असा आवाज पोटात जाऊन बसतो, तो माझा.

एका कारखान्यात लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, चिकटवून मला गोल केलं. दोन्ही तोंडांना पांढरं कातडं चढवलं. ते प्लास्टिकचं असलं तरी सगळे त्याला कातडंच म्हणतात. मग दोन भावांनी मला विकत घेतलं आणि मावशीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत नेलं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर माझ्या अंगाला एक ओरखडा पडला. खोलीत मावशीचे कपडे वाळत घातलेले असत, त्यांच्याखाली वाकून तालीम चाले. बँडचं नावही 'तिसरा मजला' असंच ठेवलं. थोरला गायचा, त्याला सगळे दादा म्हणत. धाकटा मला वाजवायचा. खालचे शेजारी छताला काठीने ठोकत, तेव्हा मावशी खिडकीतून ओरडे, "अहो, पोरं चोऱ्या तर करत नाहीत ना! वाजवतायत, वाजवू द्या की!"

बँड वर चढत गेला. शाळेच्या सभागृहातून नाट्यगृहात, नाट्यगृहातून मैदानावर. लोक गाणी पाठ म्हणू लागले. मी खूश असायला हवं होतं, पण खरं सांगू? माझा तिथेही जळफळाट व्हायचा. सगळे दिवे पुढे, दादावर आणि त्याच्या हातातल्या मायक्रोफोनवर. तो काटकुळा मायक्रोफोन स्वतः काही वाजत नाही, दुसऱ्याचा आवाज घेऊन मिरवतो. मी मागे अंधारात घाम गाळायचो. माझ्या मागे बसलेल्या धाकट्याच्याही मनात असंच काहीतरी शिजत असावं, कारण एका मासिकाच्या मुखपृष्ठावर एकट्या दादाचा फोटो छापून आला आणि त्याच दिवशी भडका उडाला.

"बँड काय तुझ्या एकट्याचा आहे?" धाकटा म्हणाला.

"माझ्याशिवाय कोण ऐकायला येतं ते बघ एकदा," दादा म्हणाला.

दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. ढकलाढकली, लाथा, खुर्च्या पडल्या. त्या गडबडीत मायक्रोफोनचा लोखंडी स्टँड कलंडला आणि त्याचं टोक सरळ माझ्या कातड्यात घुसलं. दोघांपैकी कुणीच ते पाहिलं नाही. आवाज ऐकून दोघांनी वळून बघितलं, तेव्हा मी फाटलेला होतो आणि स्टँड बाजूला घरंगळला होता. दोघंही वेगवेगळ्या दारांनी निघून गेले.

मग चौदा वर्षं अबोला. दादा दुसऱ्या शहरात गेला. धाकटा लिफ्टदुरुस्तीचं काम करू लागला. त्याच्या घरात मी कोपऱ्यात पडून राहिलो, आधी टेबल म्हणून आणि मग अडगळ म्हणून. त्याने माझं कातडं कधी बदललं नाही. माझ्याकडे बघायचाही नाही. मला मोठं काही नको होतं, मित्रांनो. त्याचा पाय पुन्हा माझ्यावर पडावा, एवढंच हवं होतं.

अशात एक दिवस टीव्हीवाले आले. 'तिसरा मजला'वर चित्रपट निघणार होता, थेट घरोघरी टीव्हीवर दिसणारा. मला न्यायला माणसं आली तेव्हा मी मनात म्हटलं, चला, नशीब उघडलं. आता आपलंच तोंड दिसणार.

कसलं काय! मला नेलं ते नमुना म्हणून. दोन मुली पट्टी घेऊन माझा एकेक ओरखडा मोजू लागल्या आणि शेजारी ठेवलेल्या एका कोऱ्या करकरीत ड्रमवर तो काढू लागल्या. जिन्याच्या वळणावर मी जो ओरखडा कमावला, तो त्याला पॉलिश पेपरने दोन मिनिटांत मिळाला. मावशीच्या हातून माझ्यावर चहा सांडला होता, तो डाग त्यांनी कॉफीच्या पाण्याने रंगवला. मग माझ्यावर चादर टाकून चिठ्ठी लावली, 'हात लावू नये'. त्या दिवसापासून मी त्याला तोतया म्हणतो. येणारा जाणारा त्याला बघून म्हणे, "वा, अगदी हुबेहूब!" आणि मी चादरीखाली खदखदत बसे.

पण तोतयाचं एका जागी अडलं. भांडणाचा प्रसंग आला आणि दिग्दर्शिका बाईंनी डोक्याला हात लावला.

"अहो, थोरले सांगतात, लाथ मारून ड्रम मी फोडला. धाकटे सांगतात, मी फोडला. दोघांनी लेखकाला तसं लिहून दिलंय. आता मी कॅमेरा कुणाच्या पायावर लावू?"

बाई मोठ्या धोरणी. त्यांनी एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू न देता दोघांना एकाच दिवशी बोलावलं. दोन दारांतून दोघे आत आले आणि जागच्या जागी थिजले. दादाचे केस पांढरे झाले होते. धाकट्याचं पोट सुटलं होतं.

"फोडला कुणी, तेवढं सांगा," बाई म्हणाल्या.

"मी," दोघे एकदम बोलले.

"तू कशाला स्वतःवर घेतोस?" दादा म्हणाला. "माझी लाथ बसली होती."

"तुझी लाथ खुर्चीला लागली. मी तुला ढकललं आणि तू त्याच्यावर आदळलास, म्हणून फाटला."

"मला वाटलं, तुझा जीव की प्राण होता तो. मीच फोडला म्हटल्यावर तू माझं तोंड बघणार नाहीस."

"आणि मी म्हटलं, ज्याने भावाला ढकललं त्याने कुठल्या तोंडाने फोन करायचा?"

माझ्या अंगात आवाज असता तर मी ओरडलो असतो. तेवढ्यात धाकट्याने माझ्यावरची चादर काढली. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्या जखमेवर बोट फिरवलं.

"दादा, हे लाथेचं नाही आणि अंग पडल्याचंही नाही. एवढंसं भोक आहे, टोकदार."

दादा गुडघ्यांवर बसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"स्टँड!" दादा म्हणाला आणि दोघे हसता हसता रडायला लागले.

मित्रांनो, साक्ष मी दिली. मला वाटलं, आता तरी माझा मान. पण मी फाटका! धाकटा उठला तो तोतयाच्या मागे जाऊन बसला आणि इतक्या वर्षांनी त्याचा पाय पडला तो तोतयावर. दादा गात होता, सगळे टाळ्या देत होते. माझ्या माणसाला मी दुसऱ्याला वाजवताना ऐकलं. जळून कोळसा होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

बाईंनी शेवटी लाथच दाखवली. नुसता स्टँड पडण्यात नाट्य नाही म्हणे.

एका रविवारी दुपारी चित्रपट लागला. धाकट्याच्या घरी सगळे जमले. दादाही आला होता, काखेत एक गोल चपटं खोकं घेऊन. टीव्हीवाल्यांनी परत आणून टाकलेला मी पुन्हा कोपऱ्यात होतो. पडद्यावर तोतया चमकत होता.

"अगं बाई, हा तर आपलाच ड्रम!" मावशी म्हणाली. माझ्या अंगाची आग आग झाली.

मग तो प्रसंग आला. पडद्यावरच्या दादाने पाय उचलला, आणि खोलीतला दादा उठून उभा राहिला.

"मला नाही बघवत," तो म्हणाला. त्याने खोकं उघडलं. आत नवं कातडं होतं. "धाकट्या, स्क्रूची चावी आण."

दोघे माझ्याशेजारी जमिनीवर बसले. एकेक स्क्रू सैल केला, फाटकं कातडं उतरवलं, नवं चढवून समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत नेले. सगळ्यांनी टीव्हीकडे पाठ फिरवली. तोतयाचा सगळ्यांत मोठा प्रसंग चालू होता आणि तो बघायला कुणीही नव्हतं. मग धाकट्याचा पाय माझ्यावर पडला. धप्! मावशीने छातीवर हात ठेवला.

मित्रांनो, घरात एखादं वाद्य गप्प पडलं असेल, तर ते का गप्प आहे ते विचारा. फाटलेलं कातडं एका दुपारात बदलता येतं. आम्ही त्याला चौदा वर्षं लावली. आणि वाद्याला नुसतं पुसून ठेवू नका, वाजवा. आम्ही झिजतो ते न वाजल्यानेच.

तोतया आता टीव्हीवाल्यांच्या गोदामात पडून आहे, असं ऐकतो. कुणीतरी जाऊन त्यालाही एकदा वाजवायला हवं. हे मी अगदी मनापासून म्हणणार आहे, पण आज नाही. आज अजून तेवढं मोठं मन झालेलं नाही माझं.