ताणलेली टेप

“हात थोडे वर घ्या,” मावशी म्हणाली आणि टेप गिऱ्हाइकाच्या कमरेभोवती फिरवून पोटावर जुळवली. आकडा वाचला. चष्मा कपाळावर ढकलला, परत नाकावर आणला, पुन्हा वाचला. एकोणचाळीस.

मापाच्या वहीत याच माणसाच्या पानावर आधी चव्वेचाळीस होतं, मग बेचाळीस. पाच महिन्यांत पाच इंच गेले होते.

“तीन इंच दाबावी लागेल,” ती म्हणाली. “तब्येत बरी आहे ना?”

“चाललंय.” त्यांनी पँटची घडी तिच्या हाती दिली. दारापर्यंत गेले आणि थांबले. “पुढच्या दोन महिन्यांत अजून एकदा दाबावी लागेल. कापड साथ देईल ना?”

मावशीच्या हातातला खडू हातातच राहिला. बारीक झालेली माणसं तिने खूप पाहिली होती. ती आरशासमोर वळून वळून बघत, आकडा दोनदा वदवून घेत. पण आपण अजून किती वाळणार आहोत हे आधीच ठाऊक असलेला माणूस ती पहिल्यांदाच पाहत होती.

वस्ती सोळा घरांची. आठ इकडे, आठ तिकडे, मधे एक गल्ली. मागे शेतं, पुढे रस्ता, दिवसातून दोनदा बस. अशा ठिकाणी बातमी बाहेरून येत नाही, ती घरचीच पिकवावी लागते. आणि हे पीक काढण्यात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. बावीस वर्षं ती खिडकीपाशी मशीन मांडून बसली होती. कुणाची लेक वाढली, कुणाचं पोट सुटलं, कुणाला दिवस गेले, हे टेप तिला सर्वांआधी सांगे. नवरा म्हणे, “दुसऱ्यांच्या कपड्यांना एवढे टाके घालतेस, एखादा स्वतःच्या तोंडाला घाल.”

शेवटच्या घरात भाड्याने आलेला हा पन्नाशीचा एकटा गृहस्थ तर तिच्यासाठी मेजवानीच होता. आला तेव्हा दारातून आडवा होऊन शिरावा एवढा. घरात बसून संगणकावर कुठल्याशा कारखान्यासाठी यंत्रांच्या भागांची चित्रं काढी, आणि सकाळ-संध्याकाळ गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारी. ऊन असो, वारा असो, बारा फेऱ्या. विकत काहीच नसला तरी वस्तीने त्याचं नाव ‘फेरीवाले’ ठेवलं होतं.

त्या दुपारी समोरची नर्सबाई परकराची नाडी ओवून घ्यायला आली. तालुक्याच्या दवाखान्यात तिची नोकरी होती. मावशीने वही उघडून तिच्यापुढे सरकवली.

“तुझ्यापुरतं ठेव हं. हे बघ. पाच महिन्यांत पाच इंच. आणि म्हणतो, अजून उतरणार.”

नर्सबाईने आकडे बघितले. “इतक्या झपाट्याने उतरणं चांगलं नाही, मावशी. आतून काहीतरी पोखरत असणार.”

“मोठं दुखणं?”

“मी कुठे तसं म्हणाले?”

पण संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती तसं म्हणत होती. दुसऱ्या दिवशी शेवटच्या घराच्या फाटकावर झाकलेली भांडी येऊ लागली. आजारी माणसाच्या तोंडाला चव नसते, म्हणून जो तो काहीतरी गोडधोड पाठवू लागला. फेरीवाले समोरून आले की माणसं आवाज बारीक करत आणि आयांना मुलांना घरात बोलवायचं काम निघे. मावशी खिडकीतून बघे आणि तिला वाटे, बघा, मी सांगितलं म्हणून बिचाऱ्याची विचारपूस तरी होतेय.

आठवड्याने घरमालक तिच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं घर. “मावशी, बरं झालं तुम्ही वेळेवर सांगितलंत. त्या घरात काही बरंवाईट झालं तर पुन्हा भाडेकरू मिळायचा नाही मला. घर खाली करायला सांगणार आहे. करारावर त्याच्या बहिणीचा नंबर आहे. उद्या सकाळी तिला फोन करतो, म्हणावं, भाऊ शेवटच्या घटका मोजतोय, घेऊन जा.”

विचारपूस वेगळी आणि उचलबांगडी वेगळी. दाबलेली पँट तिने कागदात गुंडाळली आणि तशीच शेवटच्या घराकडे निघाली.

दार उघडंच होतं. आत एक टेबल, एक खुर्ची, भिंतीशी वजनकाटा, आणि त्याच्यावर खिळ्याला अडकवलेला आकड्यांचा कागद. ओट्यावर वस्तीची भांडी घासूनपुसून ओळीने मांडलेली.

“या ताई. बसा,” म्हणत त्यांनी एकुलती खुर्ची पुढे केली. “तुमच्या वस्तीने मला सात दिवसांत दीड किलोने वाढवलं. टाकून द्यायला जीव होत नाही आणि खाल्लं की काटा ओरडतो.”

मावशी बसली नाही. “भाऊ, मी एक घाण करून ठेवलीय,” ती म्हणाली आणि वही, नर्सबाई, घरमालक, फोन, सगळं एका दमात सांगून टाकलं.

फोनचं ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. “तिला नको,” ते म्हणाले. “बाकी काय वाट्टेल ते सांगा, पण तिला फोन नको.”

मग ओट्याला टेकून, खाली बघत ते बोलले. बहिणीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा तिला मशीनवर घ्यावं लागे. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच सांगितलं होतं, माझी घे. रक्त जुळलं, तारीख ठरली.

“आणि त्या सकाळी मी फोन बंद करून घरात बसून राहिलो, ताई. भीतीने. ती नवऱ्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर दुपारपर्यंत माझी वाट बघत होती. त्यानंतर ती मला एक शब्द बोललेली नाही.”

“आणि आता?”

“त्या दिवसानंतर खातच सुटलो, अंग वाढत गेलं. शेवटी डॉक्टरांकडे आपणहून गेलो. ते म्हणाले, एवढ्या वजनाच्या माणसाची घेता येत नाही, आधी पंचवीस किलो उतरवा, मग या. शहरात राहून ते जमलं नसतं. पावलापावलाला खाणं. म्हणून इथे आलो. सहा किलो राहिलेत. दोन महिने.”

“मग बहिणीला सांगत का नाही? तेवढाच धीर येईल तिला.”

“एकदा धीर दिला होता ना. आता डॉक्टर हो म्हणतील त्या दिवशीच तिच्या दारात जाणार. करारावर तिचा नंबर लिहिला, कारण दुसरं लिहायला माझं होतं कोण?”

मावशीला अजून पन्नास प्रश्न विचारायचे होते. तिने पँट टेबलावर ठेवली आणि बाहेर पडली.

सूर्य कलला की वस्तीतली माणसं पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर जमत. घरमालक होते, नर्सबाई होती, आणखी चार-पाच जण. मावशी गळ्यात टेप तशीच घेऊन तिथे गेली.

“फोन करू नका,” ती घरमालकांना म्हणाली. “त्यांना काही झालेलं नाही. माझी टेप ताणली गेलीय.”

“म्हणजे?”

“जुनी कापडी टेप. ओढून ओढून लांबली. लांबलेली टेप माप कमी दाखवते. मला कळायला हवं होतं, नाही कळलं.”

“पाच इंच?” घरमालक म्हणाले. “आणि माणूस डोळ्यांनाही बारीक दिसतो तो?”

“दिवसाला चोवीस फेऱ्या मारा तुम्ही. तुमचंही दिसेल.”

कट्ट्यावर खसखस पिकली. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, “म्हणजे माझा कोट आखूड झाला तो माझ्यामुळे नाही तर.” दुसरी म्हणाली, “आणि माझे पडदे?” वस्तीत गेल्या काही वर्षांत जे जे घट्ट झालं होतं, ते ते एकेक करून मावशीच्या पदरात पडलं.

“हो, तेही,” मावशी म्हणत राहिली. “चूक माझीच.”

नर्सबाई हसली नाही. तिने वही पाहिली होती, आणि त्या वहीत बाकी कुणाचं माप इंचानेही उतरलेलं नव्हतं. मावशीने तिच्याकडे पाहिलं. नर्सबाईने क्षणभर नजर रोखली आणि मग घरमालकांना म्हणाली, “मलाही तो ठणठणीत वाटला बरं का. उगाच कुणाच्या बहिणीला घाबरवू नका.”

फोन झाला नाही. भांडी यायची थांबली. पण मावशीकडे येणारं कापडही आटलं. कोटवाल्याने कोट तालुक्याला नेला. शाळेचे गणवेश दरवर्षी तीच शिवे, ते यंदा तयार आणले गेले. जे येत ते आपली टेप घेऊन येत आणि ती मोजत असताना वरून वाकून बघत. बावीस वर्षांच्या कसबाचा असा बोऱ्या वाजलेला बघून नवरा चिडला.

“कुठली टेप ताणली? परवापर्यंत तर सगळ्यांचं बरोबर येत होतं. खरं काय ते सांग.”

“ताणली म्हणजे ताणली,” मावशी म्हणाली. बातमी पोटात ठेवायची तिला सवय नव्हती. पहिले काही दिवस तिला धड जेवणसुद्धा गेलं नाही.

सात आठवड्यांनी फेरीवाले एक पिशवी घेऊन सकाळच्या बसला निघाले. खिडकीपाशी थांबले. शर्ट अंगावर लोंबत होता.

“आज बोलावलंय,” ते म्हणाले.

“जाल ना?” मावशीच्या तोंडून निघून गेलं.

ते रागावले नाहीत. “म्हणून तर सांगून चाललोय तुम्हाला. आता परत फिरलो तर तुमच्या खिडकीवरूनच यावं लागेल.”

बस गेली. त्या दिवशी मावशी खिडकीपासून हलली नाही. रस्त्यावरून चालत कुणीही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, महिना गेला, दुसरा सरत आला. शेवटच्या घराला कुलूप होतं. घरमालकांना भाडं येत होतं, पण निरोप नव्हता. मावशीला विचारायला कुणी नव्हतं आणि सांगायलाही.

मग एका दुपारी एक छोटा टेम्पो गल्लीत शिरून शेवटच्या घरासमोर उभा राहिला. पुढच्या सीटवरून एक बाई उतरली. पंचेचाळीस-सेहेचाळीसची, चेहऱ्यावर आजारपणाची सूज ओसरल्याच्या खुणा, कपाळ थेट फेरीवाल्यांचं. माणसं सामान चढवू लागली. टेबल, खुर्ची, वजनकाटा. बाई थोडा वेळ दारात उभी राहिली, मग सावकाश चालत मावशीच्या खिडकीशी आली.

“त्या घरातलं पाणी बंद केलेलं दिसतंय. प्यायला थोडं मिळेल?”

मावशीने तांब्या आणि पेला आणला, दार उघडून तिला आत बसवलं. बाईने पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

“अजून देता? कंटाळा नाही ना येणार तुम्हाला?” ती ओशाळून हसली. “मशीनवर होते ती तीन वर्षं दिवसाला चार पेले, तेही मोजून. आता मिळालं की पीतच सुटते. दादा म्हणतो, विहीर आटवशील.”

“दादा बरे आहेत?”

“बरा आहे. जिना चढताना अजून कूस धरतो. माझ्याकडेच राहणार आहे आता, मी जाऊ देणार नाही.”

मावशीने दुसरा पेला भरला. प्रश्न ओठांपर्यंत आले होते. तो दारात आला तेव्हा तू काय म्हणालीस, आधी कोण रडलं, दार लावून घेतलंस का. तिने तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि समोरच्या बाईचं पिऊन व्हायची वाट बघत उभी राहिली.