धुळीवरचं दूध

हमरापुरात घरोघर गणपतीचे कारखाने, आणि कारखान्यातून दमून आलेल्या माणसाला संध्याकाळी दूध. प्लास्टरची धूळ छातीत बसते ती दुधाने धुऊन निघते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. मैनेचा सासराही मूर्ती घासता घासता खोकून खोकून गेला, तेव्हा सगळा गाव एकच बोलला, म्हातारा दूध विकायचा, प्यायचा नाय. मैनेने ते पक्कं गाठीला बांधलं. तिचा नवरा पोपट मूर्ती घासायच्या कामावर लागला, त्या दिवसापासून म्हशीच्या दुधाचा पेला चुकला नाही.

आता दुधाने माणूस सुधरावा की नाही? पण पोपटचं पोट ढोलासारखं फुगायचं, गुरगुरायचं, आणि तो टमरेल घेऊन परसाकडे धावायचा. कारखान्यातले गडी हसायचे. मैनेने मात्र धसका घेतला. धूळ पोटात उतरली वाटतं! मग काय, पेल्याचा तांब्या झाला.

"नको गो, मुरडा येतोय," पोपट म्हणायचा.

"प्या गुमान. माझं कपाळ पांढरं करायचं हाय काय?"

तो बिचारा डोळे मिटून प्यायचा.

लेंगा कमरेवर ठरेना, तेव्हा कुठे ती त्याला पेणला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी सगळं विचारलं, थोडे दिवस दूध बंद करायला लावलं. पोट गप्प झालं.

"यांना दूध पचत नाही," दोघं परत गेली तेव्हा बाई म्हणाल्या. "दुधातली साखर पचवणारा रस यांच्या आतड्यात कमी आहे. पुष्कळांचं असं असतं, घाबरू नका. ताक थोडं थोडं घेऊन बघा."

मैनेला रडूच फुटलं. आपल्याच हाताने नवऱ्याला जाळत होतो की! डोळे पुसून तिने विचारलं, "मंग बाई, धुळीवर काय देऊ?"

"दूध पोटात जातं आणि धूळ फुफ्फुसात. दुधाने ती कधीच निघत नाही. तोंडाला चांगला मास्क बांधायचा, नाहीतर हे काम सोडायचं."

"मास्कानं जीव घुसमटतो," पोपट म्हणाला. "आन् दुसरं काम मला येत नाय."

दुसऱ्या दिवशी पोपट कामावरून आला तो पापण्यांपर्यंत पांढरा. ओट्यावर बसला आणि सवयीने हात पुढे केला. मैनेने पेला दिला. त्यात पाणी होतं. त्याने ते पिऊन टाकलं आणि जरासा खोकला.

"मंग इतकी वर्सं धूळ गेली कुठं गो?"

मैनेने पदराचं टोक भिजवलं आणि त्याच्या पापण्या पुसायला घेतल्या. तेवढीच धूळ तिच्या हाताला लागत होती.