कम्प्युटरला कुलूप

इथं आखातात, अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली आम्ही डॅरिल आणि बेव्हर्लीला भाड्यानं दिली होती. वसईची माणसं, मराठी बोलणारी, म्हणून मीच पसंत केलेली. बेव्हर्लीला सातवा महिना लागला आणि नेमका तेव्हाच आमच्या कम्प्युटरला व्हायरस लागला.

माझा नवरा सुदेश ऑफिसातून अँटिव्हायरसची सीडी घेऊन आला, शुक्रवारची अख्खी दुपार बसून मशीन साफ केलं आणि हात झटकत म्हणाला, "खलास." कसलं खलास! थोड्याच दिवसांत मशीन पुन्हा रखडायला लागलं. फाइल उघडली की स्क्रीनवर भलत्याच संदेशांचे चौकोन यायचे.

"आपण ड्युटीवर गेलो की डॅरिल बसत असणार," सुदेश म्हणाला. "घाणेरड्या साइट बघत असणार, दुसरं काय."

खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायला लागलं. कम्प्युटरवर मी शिवलेलं कव्हर जरा तिरकं दिसलं तरी मी ते पुन्हा पुन्हा निरखायची. बेव्हर्ली स्वयंपाकघरात हसून बोलली की वाटायचं, ही एवढी गोड का वागतेय?

सुदेशनं मशीन परत साफ केलं, हॉलमधून उचलून आमच्या बेडरूममध्ये नेलं आणि बाहेर जाताना दाराला कुलूप घालायला लागला. तरी व्हायरस आलाच.

"दुसरी किल्ली करून घेतली असणार त्यानं," असं म्हणून सुदेशनं त्याच संध्याकाळी डॅरिलला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. "अरे, बाई पोटुशी आहे," मी म्हटलं, तर माझ्यावरच खेकसला.

पुढच्या शुक्रवारी त्यानं तिसऱ्यांदा मशीन साफ केलं. या वेळी मी शेजारीच ठाण मांडून बसले. मशीन अगदी स्वच्छ झालं. मग दर वेळी घालायचा तशी त्यानं आमच्या मंडळाची फ्लॉपी आत घातली. तिच्यात मराठी फाँट आणि गणपतीची गेल्या वर्षीची पत्रिका. दरवर्षी ती फ्लॉपी घरोघर फिरते, या वेळी टायपिंग सुदेशकडे होतं. पत्रिका उघडली आणि चौकोन हजर.

"फ्लॉपी तपास," मी म्हटलं. तपासली. व्हायरस तिच्यातच होता.

"आता गुणवंतभाऊंना फोन कर," मी म्हटलं. गुणवंतभाऊ म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. फ्लॉपी त्यांनीच दिली होती.

"त्यांना कसं सांगणार? वाईट दिसतं ते."

"आणि डॅरिलला घर सोड म्हणताना छान दिसलं?"

माझं डोकंच फिरलं. मी तडक जाऊन डॅरिलच्या खोलीचं दार वाजवलं आणि सगळं सांगून टाकलं. डॅरिल म्हणाला,

"वहिनी, मला त्या फ्लॉपीचाच संशय होता. आमच्या हॉटेलात असंच झालं होतं."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तुमच्या गणपतीच्या फ्लॉपीत घाण आहे, असं मी म्हटलं असतं," तो म्हणाला, "तर आम्हाला महिनाअखेरपर्यंत तरी राहू दिलं असतंत?"

बेव्हर्ली बाळाची झबली खोक्यात भरत होती. तिनं वर पाहिलं नाही, भरतच राहिली.