बाराशे वॅटचं स्टिकर

अगं ऐका, ऐका आधी, खाणं काय पळून चाललंय का! बिसोला, ती सूयाची, भाजलेल्या मटणाची काडी ठेव खाली, नाहीतर हसताना मिरची घशात जाईल.

तर तो ओसारेतिन. बेनिन सिटीचा. दोन वर्षं बिनकामाचा, पण आमच्या कॉम्प्युटर बाजारात, ओटिग्बा स्ट्रीटवरून असा चालायचा की सगळी दुकानं बापाचीच. आणि बापाने तर त्याला शेवटचं सांगून टाकलं होतं, शनिवारी नोकरी मिळाली तर लागोसला राहा, नाहीतर बस पकड आणि ये माझ्या दुकानात टायर बदलायला.

नोकरी म्हणजे, लागोसच्या याबा भागात तो कार्टून बनवणारा स्टुडिओ आहे ना, त्यांना मशीन सांभाळायला एक माणूस हवा होता. अट काय, तर आपापला कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक करून आणायचा, म्हणजे कंपनीने ठरवलंय त्यापेक्षा जोरात पळवायचा, आणि सगळ्यांसमोर अर्धा तास बंद न पडता चालवून दाखवायचा. याचा दहा मिनिटांत फट्‌दिशी बंद!

मंगळवारी आला माझ्या गाळ्यावर. मी खोललं. आत साडेपाचशे वॅटचा पॉवर सप्लाय, जुना पण एकदम खानदानी. मी म्हटलं, "सप्लाय खराब नाहीये. झेपेना झालं की तो स्वतःच बंद होतो, म्हणून बाकीचं सगळं वाचतंय. तुम्हाला साडेआठशेचा लागेल, पण खरा साडेआठशे, नुसता..."

मी बोलतेय आणि हा माझ्या डोक्यावरून मागे बघतोय!

"बाई, दुकानात कोणी पुरुष नाही का? जरा पॉवरचं काम आहे."

पॉवरचं काम! नऊ वर्षं सोल्डरिंगचे डाग देतेय मी त्या टेबलावर! आणि बाकावर चार गिऱ्हाइकं होती, त्यातला एक फिस्सकन हसला. तो हसला नसता ना, तर कदाचित मी सोडून दिलं असतं.

मी गोड हसले. "आहेत ना, आमचे साहेब आहेत. बसा, बोलावते."

आणि गेले शेजारी ओकेझीकडे. हो तोच, मोबाइलची कव्हरं विकतो तो! चार्जर उलटा खुपसतो आणि म्हणतो लाइट गेली. म्हटलं, "शर्ट खोच आत. पाच मिनिटं तू इंजिनियर. तो म्हणेल त्याला हो म्हण."

"आणि मला काय?"

"माल्टची बाटली. चल लवकर."

आला की गं, मागे हात बांधून! मी टेबलावर दोन सप्लाय ठेवले. एक साडेआठशेचा, काळा, जड, दिसायला वीट. दुसरा शोकेसमधला, लाल दिवे, सोनेरी स्टिकर, त्यावर बाराशे वॅट. कुठे बनला देव जाणे, मी तो फक्त चमकतो म्हणून ठेवलेला. त्यातून पाचशेही निघत नाहीत. आणि झेपत नसेल तर बंद हो, हे त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

"साहेब, साडेआठशे घेऊ की बाराशे?"

ओकेझीने दोन्ही हातात घेतले, दाढी खाजवली. "मोठं कुठलं?"

"बाराशे."

"मग?"

"बघितलंस बाई? याला म्हणतात सल्ला!" ओसारेतिन मला म्हणाला. "आणि साहेब, हा मध्येच बंद नाही ना पडणार?"

ओकेझीने माझ्याकडे बघितलं. मी नाही अशी मान हलवली.

"स्वतःहून? कधीच नाही," ओकेझी म्हणाला.

आणि ते खरंच होतं, शप्पथ!

मग मी पॅक करत होते तर हा म्हणतो, आईने शनिवारसाठी नऊ दिवसांची प्रार्थना धरलीय, आज पाचवा. तेव्हा सांगता आलं असतं. नाही असं नाही. मी वायरी छान गुंडाळून दिल्या.

शनिवारी स्टुडिओच्या हॉलमध्ये मी पहिल्या रांगेत. जनरेटर बाहेर धडधडतोय, सहा जण, सहा कॉम्प्युटर. पंधरा मिनिटांत पाच आडवे. याचा चालू! टोपी मागे करून लोकांना हात काय दाखवतोय! बाविसाव्या मिनिटाला वास आला, कुजक्या माशासारखा. मग फाट्! नुसता सप्लाय नाही, जाताना मदरबोर्ड, कार्ड, प्रोसेसर सगळं घेऊन गेला. आणि हा काय करतोय माहितीये? फुंकर मारतोय! प्रोसेसरला फुंकर, पोळलेल्या बोटाला मारतात तशी! सगळा हॉल हसून लोळतोय.

तेवढ्यात त्याला मी दिसले. "मॅडम! या ना, बघा ना काय झालं, प्लीज!"

आता मॅडम. गेले मी. स्टुडिओच्या मिसेस ओगुनलेये पण आल्या. म्हणाल्या, असं कशाने होतं? पर्समध्ये स्क्रू ड्रायव्हर असतोच माझ्या. सप्लाय उघडला आणि सगळं सांगितलं. हे कॉइल बघा, शेंगदाण्याएवढं. इथे वीज तोडणारा भाग असायला हवा होता, जागा आहे, भाग नाही. चांगला सप्लाय स्वतः थांबतो. हा थांबत नाही, मशीन मारूनच थांबतो. ओसारेतिन मोबाइलचा टॉर्च धरून उभा होता माझ्यासाठी. जिथे बोट नेईन तिथे उजेड, अगदी बरोब्बर.

मिसेस ओगुनलेये म्हणाल्या, "तुमचा कॉम्प्युटर कुठाय?"

"मी बघायला आले होते."

"सोमवारी नऊला या."

टाळ्या! मग त्याने हळूच विचारलं, "मॅडम, यातलं काही वाचेल का?"

मी एकेक भाग वर धरला, मागच्या रांगेला दिसेल असा. म्हटलं, "बोर्ड, गेला! कार्ड, गेलं! प्रोसेसर, गेला!" तिसऱ्याला तर अख्खा हॉल माझ्याबरोबर ओरडला, "गेला!" आणि तो प्रत्येक भाग माझ्या हातातून परत घेत होता, पुसत होता, आणि टोपीत ठेवत होता.